बघायला आलेली माणसं

सिस्टर पुष्पलता : ...आणि मी जरा औषध आणायला गेले, तेवढ्यात याला उताणा केला कोणी?

कोंडी : मी केला. पोर माझा हाय.

सिस्टर पुष्पलता : पोर तुमचा, पण पेशंट माझा आहे. काल समजावलं होतं ना? न्यूमोनियानं याची फुप्फुसं पाठीकडून भरलीत. पालथा झोपला तरच श्वास पुरतो.

कोंडी : साखरशेतवरनं जीप भरून माणसं आलीत, बाय. बघाया आलेल्यांना भावेशचं तोंड नको दाखवाया? उशीत तोंड खुपसून पडला तं लोक काय समजतील?

सिस्टर पुष्पलता : मशीनवरचा ऑक्सिजनचा आकडा बघा. सकाळी नव्वदीच्या वर होता, आता ऐंशीच्या खाली आलाय. ओठ काळे पडलेत त्याचे. म्हणे तोंड दाखवायचं.

रोहिदास : ओ मॅडम, आवाज कमी. माझ्या आईशी बोलताय तुम्ही.

सिस्टर पुष्पलता : तुम्ही मोठे भाऊ ना? मग हात लावू दिलात कसा?

रोहिदास : मीच धरला त्याला. ठाण्याला साइटवर असतो मी. उधर मोठ्या हॉस्पिटलात माणसाला सीधा झोपवतात. आम्ही पाड्यावरचे, म्हणून आमच्यावर कायपण करायचं?

सिस्टर पुष्पलता : असा पेशंट तिथंही पालथाच ठेवतात. आणि पाड्याचं मला सांगू नका, मी इथल्याच खोडाळ्याची आहे.

रोहिदास : मग तर अजून शरम पाहिजे. नोकरी लागली का आपली माणसं दिसत नाय तुम्हांला.

सिस्टर पुष्पलता : भांडण मागाहून करा. आधी त्याला वळवायला हात द्या.

रोहिदास : नाय देत. लोकांना बघून जाऊ दे.

सिस्टर पुष्पलता : घ्या मग, सगळ्यांनी तोंड बघून घ्या. मेलेल्याचंही असंच बघतात ना आपल्याकडे?

रोहिदास : जीभ सांभाळ, बाई.

कोंडी : गप, रोहिदास. भावेशकडं बघ.

रोहिदास : काय बोलतो तो? मास्कात ऐकू येत नाय.

कोंडी : बोलत नाय. दारातल्या माणसांना हसून दाखवाया बघतो, न त्यातच दम तुटतो त्याचा. धर त्याचा खांदा.

रोहिदास : आये, पण माणसं...

कोंडी : धर म्हणते ना.

सिस्टर पुष्पलता : नळी ओढू नका. छातीखाली उशी सरकवा. मान एका अंगाला. हां. नाशिकला न्यायची गाडी येईपर्यंत असाच राहू दे.

रोहिदास : आकडा हलत नाय.

सिस्टर पुष्पलता : लगेच नाही हलत. थांबा जरा.

कोंडी : तू बोलू नको माझ्याशी, बाय. जित्या पोराला मेलेला म्हणालीस. मी इसरायची नाय.

सिस्टर पुष्पलता : नका विसरू. फक्त परत वळवू नका त्याला.

रोहिदास : आये, चढतो आकडा. थोडा थोडा चढतो. पण माणसं उभीच हायेत, काय सांगू त्यांना?

कोंडी : सांग, तोंड नाय दिसायचं. पाठ वर-खाली होते, ती बघा न घरी जा.