तारीख दिसली पाहिजे, म्हटलं

आमचे आजे-पणजे म्हैसूरच्या फौजेत शिपाई. फौज गेली, आमी इथंच राहिलो, लष्कर मोहल्ल्यात, घरात मराठी नि दाराबाहेर कन्नड. मी हेब्बाळच्या कपड्याच्या कारखान्यात कॉलर लावते, लग्नाच्या आधीपासनं.

काय सांगू तुमाला, आमच्या लाइनीतली गौरी, पोटुशी पोर, मशीनवरच चक्कर येऊन पडली. सुपरवायझर म्हणतो नाटक आहे. मी मशीन बंद करून तिला धरलं नि बाहेर नेलं, मला बघून सगळी लाइन उठली. झालं, काम बंद पाडलं म्हणून मलाच काढलं. नोटिशीत होतं, अपील करायचं तर मुदतीच्या आत पोस्टानं पाठवा.

आमच्या मावशीची सून वकील, ती गावाला गेलेली. ती येऊन अपील लिहीपर्यंत शेवटचा दिवस उजाडला. पळत पोस्टात गेले, स्पीड पोस्ट केलं, तर पावती इतकी फिकी निघाली की तारीखच दिसेना. काउंटरवरच्या अण्णाला म्हटलं, यावर गोल शिक्का मारून द्या. तो म्हणाला, एनम्मा, काय हो बाई, कॉम्प्युटरमधे आहे सगळं. म्हटलं, असू दे, माझ्या हातात पण तारीख दिसली पाहिजे, माझी नोकरी आहे त्यावर. मागची माणसं ओरडाय लागली, मी हलले नाही. शेवटी हसला नि दाबून शिक्का मारला.

मग कारखान्याचं उत्तर आलं, अपील उशिरा पोचलं, घेत नाही. नवरा म्हणाला, सोड गं, दुसरीकडं बघू. का सोडू? कामगार खात्यात तक्रार केली. तिथं कारखान्याचा माणूस तेच बोलला, उशिरा पोचलं, उशिरा पोचलं. मावशीच्या सुनेनं पावती पुढं ठेवली, म्हणाली, मुदतीत पाठवा असं लिहिलंय, पाठवलंय. खात्यातल्या साहेबांनी शिक्का बघितला, नोटीस बघितली, म्हणाले, अपील ऐकावं लागेल.

कारखान्यानं ऐकलं. गौरी लेकराला कडेवर घेऊन आली, सगळ्यांदेखत म्हणाली, या अक्कानं धरलं नसतं तर हे राहिलं नसतं. मग घेतलं बगा मला परत.

आता गुडघे दुखतात, जास्त दिवस काम व्हायचं नाही. कारखान्याचं भलं होवो, केवढी घरं चालतात त्यावर. पण जाईन ती माझी मी उठून जाईन, कुणी काढलं म्हणून नाही.