बिनगाडीचं गॅरेज

माहेर माझं रायपूरच्याच गुढियारीचं, वडील रेल्वेत, मूळ भंडाऱ्याकडचे, म्हणून घरात मराठी आणि दाराबाहेर हिंदी असं आमचं चाललं. लग्न होऊन शंकर नगरात आली, नवरा सरकारी ऑफिसात बाबू, तेव्हा रायपूर काही राजधानी नव्हतं, आमच्या गल्लीत दुपारी कुत्रं आडवं झोपलं तर त्याला उठवायचं कोणाले काम पडत नसे. यांनी घर बांधायला काढलं तेव्हा आमच्याकडे एक सायकल होती, आणि नकाशात यांनी समोर मोटारीचं गॅरेज दाखवलं. सासरे म्हणाले, काहून बापा, सायकलीले एवढी मोठी खोली? हे म्हणाले, गाडी येईल एक दिवस. ती काही आली नाही. मले रिकामी जागा बघवत नाही, मी तिथं शिलाई मशीन टाकली.

मग वेगळं राज्य झालं, रायपूरच राजधानी झालं, आणि काय सांगू तुम्हाला, ऑफिसं आली, साहेबलोक आले, त्यांच्या बायका आल्या, आणि त्या सगळ्यांना ब्लाऊज उद्याच पाहिजे. मशीन वाढल्या, पिकोची आली, बीरगांवहून सुकवारो कामाला यायला लागली, हात तिचा सफाईदार, पण पायानं भारी आळशी पोट्टी.

त्यातच यांना लकवा झाला. डावा हात-पाय गेला, बोलणं आणि नजर तेवढी वाचली. घरात पडून भिंत बघण्यापेक्षा बरं, म्हणून मी यांना गॅरेजमध्ये आमच्यातच खुर्ची टाकून बसवलं आणि मांडीवर रिळांचा डबा दिला. आम्ही कापड टाकायचो, हे उजेडात धरून बघायचे आणि बरोबर त्याच रंगाचं रीळ काढायचे. सुकवारो म्हणायची, भैया, लाल तो लाल है, कुछ भी दे दो. हे म्हणायचे, तुझ्या डोळ्यात धूळ आहे, हा लाल वेगळा. हळूहळू पहिल्यासारखं बोलायला लागले, भांडायला लागले. डॉक्टरनं दिलेल्या गोळ्यांपेक्षा मले त्या डब्याचा भरवसा जास्त.

काम वाढलं तशा बायकांच्या गाड्या गल्लीत उभ्या राहायला लागल्या. शेजारचे वर्माजी एकदा आले, भांडायला नाही, शांतपणेच म्हणाले, भाभी, अपनी गाड़ी निकालने के लिए रोज़ आपकी दुकान में आकर पूछना पड़ता है कि बाहर सफ़ेद वाली किसकी है. बरोबरच होतं त्यांचं. इकडे आम्ही एकमेकींच्या कोपरावर कोपर ठेवून शिवून राहिलो होतो, म्हणून वर हॉल बांधायचा अर्ज मी नगर निगमात दिला. निगमाचे साहेब बघायला आले. म्हणाले, दीदी, ऊपर दुकान बढ़ाइए, कोई दिक्कत नहीं, मगर नक्शे में नीचे गाड़ी की जगह है, तो नीचे गाड़ियाँ ही रहेंगी. म्हणजे मशीन सगळ्या वर, गॅरेज मोकळं. नकाशात गॅरेज नसतं तर अर्ज तिथंच बसला असता, हेही त्यांनीच सांगितलं. सासरे असायला पाहिजे होते ऐकायला.

पण हे जिना चढू शकत नाहीत.

मी अर्ज मागे घ्यायचं ठरवलं. यांना सांगितलं, पायऱ्यांनी माझे गुडघे जातील, नको तो हॉल. यांनी हातातलं रीळ डब्यात ठेवलं. मग म्हणाले, तुझे गुडघे मजबूत आहेत, काम वर ने. मले खाली राहू दे, फक्त आत खोलीत नको नेऊ.

साहेबांना विचारलं, गॅरेजात यांची खुर्ची चालेल का. म्हणाले, कुर्सी कोई निर्माण थोड़ी है.

हॉल झाला. वरच्यासाठी मी रिळांचा नवा डबा आणला, खाली यांच्या मांडीवर जुना तसाच. दुपारी खाली यावं तर यांनी रिळं रंगानं लावलेली, संध्याकाळी यावं तर तीच पुन्हा लावलेली. मी अर्ज का केला असं मले झालं.

एक दिवस वरच्या डब्यातलं मोरपंखी रीळ संपलं. सुकवारोला जिना उतरायचा कंटाळा, तिनं भाजीच्या टोपलीला दोरी बांधली, खिडकीतून खाली सोडली आणि ओरडली, भैया, मोरपंखी देना. खालून आवाज आला, आधी कापड पाठव, मोरपंखी काय एक असते? तिनं हव भैया, हव म्हणून कापड सोडलं. नवा डबा मी त्याच दिवशी कपाटात सारला.

आता टोपली दिवसभर खालीवर होत असते. बायका आपल्या गाड्या गॅरेजात लावतात, हे बसल्या जागेवरून सांगतात, जरा तिरपी घ्या, मागे अजून एक बसेल. वर्माजींची गाडी सरळ निघते, जाताना हॉर्न देतात, हे उजवा हात वर करतात. परवा मले म्हणाले, म्हटलं होतं ना, गाडी येईल. मी म्हटलं, दुसऱ्याच्या आहेत. म्हणाले, असू दे, आपल्याकडे आल्या ना.

चार वाजता मी टोपलीत चहा सोडते. कप हिंदकळू नये म्हणून दोरी दोन्ही हातांनी धरते, यांनी कप उचलेपर्यंत. यांना वेळ लागतो. लागू दे, खाली काय घाई आहे.