टब काही तापेना

माझा नवरा निखिल इथे जर्मनीत, झिंडेलफिंगेनला गाड्यांच्या कूलिंगवर काम करतो, त्यामुळे घरात काही गार पडलं की तो मनाला लावून घेतो. या हिवाळ्यात त्याने बागेत हवा भरायचा हॉट टब मांडला. रात्री पाणी छान गरम, सकाळी उशिरा बघावं तर कोमट. त्याने फिल्टर धुतला, खाली फोम घातला, झाकणावर गोधडीसुद्धा टाकली.

"आल्झो, म्हणजे गळतीही नाही. पातळी तर तशीच आहे," म्हणत शनिवारी सकाळी तो हीटर उघडून बसला.

तेवढ्यात पुण्याहून आलेल्या माझ्या सासूबाई कानटोपी घालून बादली घेऊन आल्या, झाकण उचललं आणि बादली बुडवली.

"आई, हे काय?"

"अरे, तुमच्या शॉवरखाली आंघोळ झाल्यासारखी वाटत नाही. रोज इथनंच नेते चार-पाच बादल्या. आणि काढलं तेवढं गार पाणी आठवणीने परत ओतते हो."

निखिलने हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. "म्हणजे बिघाड काहीच नाही?"

"बिघाड कसला? झकास आहे बंब," आई म्हणाल्या. "फक्त एवढा मोठा कशाला घेतलास? आपण तिघंच तर आहोत."