शिमग्याचा डबा

(धरणगाव. लढाईचं साल. भिकुबाईच्या माहेरचा ओटा, दुपारची वेळ. धाकटा दीर झुलाल तिला सासरी न्यायला आला आहे. वच्छलाबाई ही भिकुबाईची आई. आबा तिचे सासरे, नाना तिचा नवरा.)

वच्छलाबाई: ते ऱ्हाऊ दे, पन तुना पायले काय व्हयनं रे पोऱ्या? चप्पल कोठे शे?

झुलाल: मोटारीत.

वच्छलाबाई: आनि मोटार?

झुलाल: मोटार आली पुढं, मी आलो मागून. कोळशाची मोटार ती, मावशी. पेट्रोल सगळं गेलं लढाईला, आमच्या वाट्याला कोळसा. एरंडोल सोडलं नि नाल्याच्या चढावर तिचा जीव गेला. ड्रायव्हर म्हणे, उतरा, ढकला. चप्पल घसरते म्हणून मी काढून बाकाखाली ठेवली नि लावला खांदा. बुडातून धूर निघाला, नि ही जी पळत सुटली. आम्ही मागून बोंबलतोय, तर तो बाबा बाहेर हात काढून सांगतो, थांबवली तर परत मरेल, तुम्ही या सावकाश. तिकीट काढलेली सगळी माणसं रस्त्यावर, नि आत कोण, तर एक म्हातारी नि तिची शेळी. हसतेस काय, वहिनी? तापल्या फुफाट्यातून आलोय मी.

भिकुबाई: शेळीचं तिकीट काढलं होतं का?

झुलाल: मला काय माहीत. माझं काहीही झालं की लोकांना हसूच येतं. घरात तेच, शाळेत तेच.

वच्छलाबाई: बठ. मी पानी लयस.

भिकुबाई: कोणी पाठवलं तुम्हाला?

झुलाल: आबांनी. म्हणाले, मृग तोंडावर आला, पेरणीला माणूस नाही, जा नि तिला घेऊन ये.

भिकुबाई: आणि तुमचे नाना?

झुलाल: नाना बैलाला पाणी पाजत होता.

भिकुबाई: काही बोलले नाहीत?

झुलाल: बैलाला बोलला काहीतरी.

भिकुबाई: बरं.

झुलाल: बरं काय? गाठोडं बांध. उन्हं कलली की मोटार परत फिरते. ती चुकली तर उद्यापर्यंत इथंच बसावं लागेल मला.

वच्छलाबाई: हाई पानी पे. आनि मनं बी आयकी ल्हे. आखाजीना सनले तुम्हीन धाडी तिले. पोर माहेरले येस, झोका खेळस, गाना म्हनस, आनि जास. गल्लीन्या बठ्ठ्या पोरी सासरले गयात. मनी एकलीच ओटावर बठेल शे. लोके इचारतस, मी काय सांगू?

झुलाल: मला कशाला विचारता, मावशी? मी पाठवलं का तिला?

भिकुबाई: हो. तुम्हीच.

झुलाल: आबांनी पाठवलं.

भिकुबाई: आबांनी दार दाखवलं. त्या दाराशी मला नेऊन उभं तुम्ही केलंत. भर अंगणात, चार माणसं बसलेली असताना. वहिनी मला उपाशी मारते म्हणून मी शाळा सोडली, असं म्हणालात.

झुलाल: मग खोटं होतं का ते? दिवाळीपर्यंत गावाहून मोटारीनं कसा यायचा डबा. भरीत, कळण्याची भाकरी, वर लोण्याचा गोळा. बोर्डिंगातली पोरं माझ्या डब्याभोवती माशांसारखी. दिवाळी झाली नि तुझं मन फिरलं. रोज ज्वारीची भाकरी, ती पण आदल्या रात्रीची, नि कोपऱ्यात लाल चटणी. तेलाचा थेंब नाही. त्या चटणीसाठी मी देवपुरातल्या बोर्डिंगातून पांझरा नदीचा पूल ओलांडून मोटारीच्या स्टँडवर यायचो रोज. तिथं तो क्लिनर पुना टपावरून डबे खाली फेकायचा. एकदा एकाचा डबा फुटला नि वरण पोलिसाच्या टोपीत गेलं. पोलीस म्हणे, ही कोणाची डाळ? पोरगं म्हणे, तुमचीच, साहेब. सगळं स्टँड हसलं. मी नाही हसलो. मला माहीत होतं, माझा फुटला असता तर जमिनीला डागसुद्धा पडला नसता.

भिकुबाई: चटणीचं मी आज पहिल्यांदा ऐकते.

झुलाल: स्वतः घालायची नि आज ऐकते म्हणे.

भिकुबाई: तेव्हा तुम्ही हे काहीच बोलला नाहीत. उपाशी मारते, एवढंच. शाळेत नेमकं काय झालं, तेही नाही.

झुलाल: सांगण्यासारखं नव्हतं.

भिकुबाई: आता सांगा. माझं घर सुटलं त्यापायी. एवढं तरी ऐकू द्या.

झुलाल: हसायचं नाही.

भिकुबाई: नाही हसत.

झुलाल: मावशीलाही सांग.

वच्छलाबाई: नही हसत, बाप. बोल.

झुलाल: शिमग्याचा दुसरा दिवस. परीक्षा जवळ आली म्हणून आम्हाला घरी सोडलं नव्हतं. रस्त्यात रंगवाले होते, म्हणून सगळे डबे शाळेत आणवले, ज्यानं त्यानं आपापला उचलला नि मास्तर म्हणाले, वर्गातच बसून खा. मी सकाळपासून पोरांना सांगत होतो, आज आमच्या घरची पुरणपोळी बघा. वहिनी धरणगावची आहे, तिच्या हाताला तोड नाही. असं बोललो होतो मी, कळलं ना? नि सगळ्यांसमोर डबा उघडला.

भिकुबाई: काय होतं?

झुलाल: काय असणार? भाकरी. चटणी. ती काळी भाकरी माझ्याकडे बघतेय नि पोरं माझ्याकडे. एक म्हणे, झुलाल, तुमच्याकडे पुरण फार खरपूस भाजतात वाटतं. मग हसली सगळी. बाकं वाजवून हसली. शेजारी लोटन होता, आमच्या पुढच्या गावचा; त्याचा डबाही त्याच मोटारीनं यायचा. त्यानं त्याच्या डब्यातली पोळी काढली, माझ्या पुढ्यात ठेवली. मान खाली. मला राग आला. मी काय भिकारी आहे? उचलली नि फेकली.

भिकुबाई: लोटनला मारली?

झुलाल: लोटन वाकला. नि दारातून येत होते ड्रॉइंगचे मास्तर. ती पोळी उलगडली हवेत नि त्यांच्या पगडीवर अशी बसली, दोन्ही कानांवरून खाली. उपरणं घ्यावं तशी. मास्तरांनी हळूच एक कोपरा उचलला, वास घेतला नि म्हणाले, जायफळ चांगलं पडलंय.

भिकुबाई: दोन्ही कानांवरून?

झुलाल: हसलीस. म्हणाली होतीस हसणार नाही.

वच्छलाबाई: मी हसनू. ती नही हसनी.

झुलाल: मग हेडमास्तर आले. म्हणे, अन्नाचा अपमान, गुरूचा अपमान, हात पुढे कर नि माफी माग. ड्रॉइंगचे मास्तर म्हणत होते, जाऊ द्या, पोर आहे. पण हेडमास्तरांना चव कुठली. मी म्हटलं, ज्यांनी मला हा डबा पाठवला त्यांना आधी माफी मागायला लावा, मग मी मागतो. नि निघालो. पाटी-पुस्तकं तिथंच. मागं वळून पाहिलं नाही. आता कळलं का शाळा कशापायी सोडली? एका भाकरीपायी. तुझ्या.

भिकुबाई: ती पोळी कशी होती?

झुलाल: पोळीसारखी.

भिकुबाई: तव्यावरची का खापरावरची?

झुलाल: खापरावरची. ही एवढी, रुमालासारखी घडी घातलेली. त्याशिवाय का मास्तरांच्या दोन्ही कानांना पुरली?

भिकुबाई: लोटनच्या घरी कोण कोण आहे?

झुलाल: आई. बाप वारला. आई लोकांच्या शेतात निंदायला जाते. त्याचं काय?

भिकुबाई: तिच्या घरी एवढी पोळी कोणी केली?

झुलाल: केली असेल. सण होता.

भिकुबाई: जायफळ घालून?

झुलाल: मला काय माहीत. लोटनचं तसं बरं चाललं होतं. आधी इतका वाळका, की ड्रिलच्या रांगेत तो उभा असला तरी मास्तर ती जागा रिकामी समजून ओरडायचे. दिवाळीनंतर गाल आले त्याला. संक्रांतीला सदऱ्याची गुंडी लागेना. आम्ही विचारलं, काय खातोस रे? तर लाल झाला. शाळा सुटली की सगळ्यांच्या आधी स्टँडवर पळायचा. मी पोचेपर्यंत मोटारीच्या आड बसून अर्धं जेवणसुद्धा उरकलेलं असायचं.

भिकुबाई: दिवाळीनंतर.

झुलाल: हो. दिवाळीनंतरच.

भिकुबाई: त्याचा डबा कसा होता?

झुलाल: जर्मनचा, त्या हलक्या पांढऱ्या पत्र्याचा. माझ्यासारखाच. बाजारात दुसरा मिळतो कुठं आता?

भिकुबाई: आणि वरचं फडकं?

झुलाल: फडकं… निळ्या रेघांचं.

भिकुबाई: दिवाळीपर्यंत मी तुमचा डबा माझ्या जुन्या लुगड्याच्या काठात बांधायची. हिरवा काठ. तो फाटला. कंट्रोलच्या दुकानात कापड आलं, तेव्हा आबांनी सगळ्या घराला एकच ताका आणला. निळ्या रेघांचा.

वच्छलाबाई: बठ्ठा तालुकाले तेच कापड देल शे. मना घरमा गादीनी खोळ बी तीच शे.

झुलाल: थांब.

भिकुबाई: त्या दिवशी मी पहाटे खापर तापवलं. हे इथून नेलेलं खापर. पोळ्या केल्या नि पहिली तुमच्या डब्यात घातली.

झुलाल: थांब, वहिनी. म्हणजे तो…

भिकुबाई: तो आधी पोचायचा. निळं फडकं दिसलं की तो डबा घ्यायचा. उरलेला तुम्हाला.

झुलाल: म्हणजे सगळा हिवाळा? भरीत, पातोड्या, लोणी, सगळं त्यानं खाल्लं? नि मोटारीच्या आड बसून? म्हणून लाल झाला तो. पहिल्या दिवशी चुकला असेल, दुसऱ्या दिवशी तर कळलं असेल ना त्याला? जिभेला कळत नाही का, ही आईची चटणी नाही म्हणून? नि वर मलाच माझी पोळी वाढतो. दान करतो. मी आत्ताच जातो. त्याचे दात पाडतो, मग बघू कशानं खातो ते.

भिकुबाई: बसा खाली.

झुलाल: नाही बसत.

वच्छलाबाई: म्हन्जे मनी पोरनी पोळी त्या मास्तरना डोकावर गई?

झुलाल: हो, मावशी. तुमच्याच पोरीची. नि आता कोणी हसू नका.

भिकुबाई: त्या भाकरीचं काय करायचात तुम्ही? रोजच्या.

झुलाल: एखादा घास खायचो. बाकी पुलावरून खाली. पांझरेत.

भिकुबाई: दिवसभर लोकाच्या शेतात वाकून, रात्री ती भाजत असेल. पोरगं शिकतंय म्हणून.

झुलाल: मला काय ठाऊक ती तिची होती? मला वाटलं तुझी आहे.

भिकुबाई: म्हणजे माझी असती तर नदीत गेलेली चालली असती.

झुलाल: तसं नाही म्हटलं मी.

भिकुबाई: म्हणालात तेच ऐकलं. माझ्याकडे डबा रोज रिकामा परत यायचा, पुसल्यासारखा. मी सासूबाईंच्या माघारी त्या घरात आले, तेव्हा तुम्ही माझ्या कमरेएवढे होता. मला वाटायचं, आपलं पोर पोटभर जेवतंय.

झुलाल: बरं. झालं ते झालं. आता सगळं उघड आहे ना? चल. मी आबांना त्याच अंगणात सांगतो. सगळ्या गावाला गोळा करून सांगतो. डबा बदलत होता, वहिनीचा काही दोष नाही. मग तर झालं?

भिकुबाई: आणि बदलला नसता तर?

झुलाल: म्हणजे?

भिकुबाई: खरंच मीच भाकरी-चटणी घातली असती. घरात तेल नव्हतं म्हणा, माझं अंग दुखत होतं म्हणा. तर मला इथं सोडून देणं बरोबर होतं का?

झुलाल: तू गोल गोल नको बोलू.

भिकुबाई: मी सरळच विचारते.

झुलाल: नव्हतं. बरोबर नव्हतं. पण मी काय करू, मला राग आला की तोंड थांबत नाही.

भिकुबाई: तुम्ही पोर आहात. तुमच्यावर मी चार दिवस चिडेन, पाचव्या दिवशी विसरेन. ते वेगळं. तुम्ही अंगणात बोललात, त्या रात्री मी तुमच्या भावाला सांगितलं, मी पोळी घातली होती हो, माझ्या हातानं. ते म्हणाले, पोरगं खोटं कशाला बोलेल, झोप आता. आणि कूस वळवली. आबांनी आखाजीला गाडी जुंपायला सांगितली, तेव्हाही त्यांनीच जुंपली.

वच्छलाबाई: मले हाई नही सांगं तू.

भिकुबाई: सांगून काय करणार होतीस, माय.

झुलाल: नाना तसा नाही. त्याला बोलता येत नाही फक्त.

भिकुबाई: बैलाशी येतं.

झुलाल: मग काय करू मी? रिकाम्या हातानं परत जाऊ? आबा मला उभा सोलतील.

भिकुबाई: माय आता भाकरी टाकेल. जेवा आणि जा. जाऊन सांगा, वहिनी म्हणते नाना आले तर येईन, दुसऱ्या कोणाबरोबर नाही.

झुलाल: येईल तो. मी डब्याचं सांगितलं की धावत येईल.

भिकुबाई: डब्याचं सांगायचं नाही.

झुलाल: काय?

भिकुबाई: एक अक्षर नाही. आबांना नाही, त्यांना तर नाहीच.

झुलाल: वेडी झालीस का? तेच तर सांगायचं आहे. तू खरी होतीस. सगळ्यांची तोंडं बंद होतील.

भिकुबाई: पुरावा बघून तर कोणीही येईल, झुलालभाऊ.

झुलाल: आणि नाही आला तर?

भिकुबाई: तर मला कळेल.

झुलाल: माझ्याच्यानं गप्प बसवणार नाही, वहिनी. माझं पोट फुटेल.

भिकुबाई: पेरणी होईपर्यंत तरी बसा. तेवढ्यात यायचे असतील तर येतील.