उजवा खांदा

ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर शिंपीणबाई आपल्या रिपोर्टची वाट बघत होत्या. शेजारी एक मालिशवाला आणि त्याची आई. डॉक्टरीणबाई नुकत्याच त्यांच्याशी बोलून आत गेल्या होत्या. कान काही मिटता येत नाहीत, त्यामुळे शिंपीणबाईंना सगळं ऐकू येत होतं.

"काय म्हणाल्या त्या? मला तर काही कळलंच नाही."

"गर्भ पिशवीत नव्हताच, आई. यकृताला चिकटला होता."

"यकृताला? असं कुठं असतं का?"

"लाखात एखादीला होतं म्हणे. पोटाला तीन बारीक भोकं पाडून दुर्बिणीतून काढला. आता धोका नाही."

"अरे, पण सूनबाईचा तर खांदा दुखत होता."

"आत रक्त साचलं की खांद्यात कळ येते, म्हणाल्या."

"आणि तू चार दिवस तो खांदा रगडत बसलास."

"हाताला गाठ लागत होती गं."

"गाठ होती?"

"मला वाटलं तसं."

"आणि ती काहीच बोलली नाही?"

"रोज म्हणायची, तुझा हात फिरला की बरं वाटतं."

"तुला ते खरं वाटलं?"

"आई, सगळेच तसं म्हणतात."