बाबांची हनुवटी

डॉक्टर : दातांना तार लावू, पण त्याआधी एक सांगा. ही झोपेत घोरते?

मुलगी : नाही घोरत.

आई : नाही कशी? भिंतीपलीकडे ऐकू येतं. बापावर गेलीय, डॉक्टर. ते घोरायला लागले की पाहुणे अंथरूण उचलून दुसऱ्या खोलीत जायचे.

मुलगी : आई, पुरे ना.

डॉक्टर : घोरणं मधेच थांबतं का?

आई : थांबतं की. एकदम शांत. मग दचकून मोठा श्वास घेते आणि पुन्हा सुरू. थांबलं की मला आपलं बरं वाटतं. म्हणते, चला, पोरीला गाढ झोप लागली.

डॉक्टर : ताई, तेव्हा तिचा श्वास अडलेला असतो.

आई : अडलेला म्हणजे?

डॉक्टर : बाळा, आ कर. हे बघा, टॉन्सिल केवढे वाढलेत, मध्ये जेमतेम वाट उरलीय. टाळू अरुंद. त्यात खालचा जबडा लहान, मागे राहिलेला. झोपेत अंग सैल पडलं की जीभ मागे जाते आणि घसा बंद होतो.

मुलगी : म्हणून मी वर्गात पेंगते? सगळे मला आळशी म्हणतात. तूसुद्धा.

आई : जबड्याला काही झालेलं नाही हो. ती हनुवटी तिच्या बाबांची आहे, हुबेहूब. ते गेले, पण चेहरा ठेवून गेले. तिला हात लावू नका, दात तेवढे सरळ करा.

डॉक्टर : ते कशानं गेले?

आई : झोपेत.

(आई मुलीच्या हनुवटीवरून हात फिरवते.)

आई : मी शेजारीच होते. घोरणं थांबलं. मी म्हटलं, बरं झालं बाई, आता मलाही झोप लागेल. आणि कूस बदलून झोपले.

डॉक्टर : ते त्यामुळेच गेले, असं आज कोणीच सांगू शकणार नाही.

आई : डॉक्टर, हिचं तसं होईल का?

डॉक्टर : हिचं वेळेत कळलंय. झोपेची तपासणी करू, टॉन्सिल घशाच्या डॉक्टरांना दाखवू. वाढीचं वय आहे, जबडा पुढे आणायचा प्रयत्न करता येईल.

मुलगी : मग मी बाबांसारखी दिसणार नाही.

आई : नको दिसूस.

मुलगी : आई, मला आता झोपायचीच भीती वाटतेय. आज माझ्याजवळ झोपशील?

आई : झोपणार नाही गं. जवळ बसेन.