मैत्रीचा आलेख

मंडळी, ऐका! ज्याने आपलं घर उजाड केलं, त्याला क्षमा केली असं आपण म्हणतो. पण ती मनापासून केली, की नुसती ओठांनी पुटपुटली — ओळखायचं कसं?

भंडाऱ्याच्या पंचशीलाबाई मेश्रामांना हाच प्रश्न छळत होता. नवरा जीपखाली गेला. तेव्हापासून त्या रोज विहारात बसत. आधी आनापान — आपल्या श्वासाकडे पाहणं. मग मैत्रीभावना — सर्वांचं मंगल चिंतणं. आणि त्या सर्वांत तो जीपवालासुद्धा! सोपं आहे होय? नळावर मध्ये घुसलेली बाई आपण वर्षभर विसरत नाही!

नागपूरच्या डॉक्टर हेमांगी कर्वे ध्यानाने मेंदूत काय बदलतं ते अभ्यासत होत्या. त्यांनी बाईंच्या डोक्यावर तारांची टोपी चढवली.

"आधी नुसत्या बसा, मावशी. ध्यान नको. मग श्वास, मग मैत्री."

आलेख निघाला. श्वासाच्या वेळी मेंदूच्या लहरी अगदी वेगळ्या — संथ, एका लयीत. पण मैत्रीच्या वेळी? नुसत्या बसल्या होत्या तशाच! काहीच फरक नाही!

बाईंचा चेहरा उतरला. "म्हणजे त्याला मी माफ केलंच नाही? इतकी वर्षं सोंगच केलं?"

डॉक्टरांनी आलेख पुन्हा पाहिला. "मावशी, नुसत्या बसलात तेव्हा मनात काय होतं?"

"काही नाही जी. तुम्ही खोकत होत्या. वाटलं, या लेकीला आराम पडो. मग तो जीपवाला आठवला. त्याच्याही घरी लेकरं असतील — सुखी राहोत."

"अहो, ध्यान नको म्हटलं होतं ना!"

"हे कुठं ध्यान आहे? मी तर नुसती बसली होती!"

डॉक्टर हसल्या. "आता फक्त आजच्या भाजीचा विचार करा. आणि कुणाला जेवायला बोलावू नका!"

बाईंनी वांगी चिरली — मनातच हो! त्यानंतर पुन्हा मैत्री. आणि आता पडद्यावर लहरी उसळल्या! फरक लख्ख दिसला!

"एका आलेखावरून मी सिद्धान्त मांडणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "पण मावशी, सोंग असतं तर थांबा म्हटल्यावर थांबलं असतं."

बाईंना रडू फुटलं. नवरा परतणार नव्हता. रिकामी जागा रिकामीच राहणार होती. पण आपली माफी खोटी तर नाही, ही त्या जागेतली भीती निघून गेली, मंडळी!

आणि आपण? पाठ ताठ करतो, डोळे मिटतो, मंगल चिंततो. मग कुणी म्हणतं — झालं, आता नुसते बसा. त्या क्षणी मनात पहिलं नाव कुणाचं येतं? त्याच्यासाठी काय मागावंसं वाटतं? — मला सांगू नका. स्वतःला सांगा.